दुष्फेन पाणी आणि अंगणातील मत्स्यहौद

वसतिगृहाच्या मागील बाजूस, स्वयंपाकघर आणि वाचनालय यांच्या मध्ये असलेला कमळांचा हौद बहुतेक माजी विद्यार्थ्यांच्या स्मरणात असेल. तीन मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि पाऊण मीटर खोल असा हा साधा सिमेंटचा हौद; त्यात गप्पी, थोडे गोल्डफिश आणि कमळाची दोन रोपे. गेल्या काही वर्षांत आपल्यापैकी अनेकांनी गावी किंवा शहराच्या कडेला घरे बांधली, अंगणात असाच एखादा हौद केला, आणि मेळाव्याला आले म्हणजे ते एकच प्रश्न विचारतात : ‘सर, आमच्या बोअरचे पाणी फार जड आहे. मासे टिकत नाहीत. पाणी हलके कसे करावे?’ या प्रश्नाचे उत्तर उभ्याउभ्या देता येत नाही. दिले तर ते चुकीचे ठरण्याचाच संभव अधिक. म्हणून स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला तेव्हा हाच विषय घेण्याचे ठरविले.

माझे उत्तर प्रश्नकर्त्यास काहीसे निराश करणारे आहे. आपल्याकडील बहुतेक हौदांत मासे मरतात ते पाणी दुष्फेन असल्यामुळे नव्हे. ते पाणी बदलण्याच्या आपल्या खटाटोपामुळे, आणि त्या खटाटोपातील घाईमुळे ते मरतात. हे मी इतरांना दोष देण्यासाठी लिहीत नाही. ही चूक मी स्वतः केलेली आहे आणि ती पुढे यथास्थित सांगणार आहे.

प्रथम शब्द नीट समजून घेऊ. शालेय पुस्तकांतील ‘सुफेन’ आणि ‘दुष्फेन’ हे शब्द फेसावरून आलेले आहेत. ज्या पाण्यात साबणाचा फेस सहज होतो ते सुफेन, ज्यात तो होत नाही आणि बादलीच्या कडेला राखाडी साय धरते ते दुष्फेन. यास बोलीत आपण जड पाणी म्हणतो. रसायनशास्त्रात मात्र ‘जड पाणी’ ही निराळीच वस्तू आहे. त्यात साध्या हायड्रोजनऐवजी ड्यूटेरियम असते आणि ते अणुभट्टीत वापरतात. परीक्षेत ही गल्लत करणारे विद्यार्थी दरवर्षी दोन-तीन तरी निघतातच. दुसरी गल्लत अधिक महत्त्वाची आहे. खारे पाणी आणि दुष्फेन पाणी एक नव्हे. अमरावती, अकोला, बुलढाणा या जिल्ह्यांतील पूर्णेच्या खोऱ्यात जो खारपाणपट्टा आहे, तेथील भूजलात सोडियमच्या क्षारांचे प्राबल्य असते. दुष्फेनता मात्र कॅल्शियम आणि मॅग्नेशियम या दोन धातूंच्या विरघळलेल्या क्षारांमुळे येते. एखाद्या विहिरीत दोन्ही दोष एकत्र असू शकतात. परंतु त्यांवरील उपाय एक नाहीत.

महाराष्ट्राचा फार मोठा भाग काळ्या बेसाल्ट खडकावर वसलेला आहे. पावसाचे पाणी मातीतून झिरपताना मुळांच्या व जीवाणूंच्या श्वसनातून निघालेला कार्बन डायऑक्साइड बरोबर घेते आणि किंचित आम्लधर्मी होते. हे पाणी खडकातील खनिजे आणि काळ्या मातीतील चुनखडीचे खडे विरघळवीत खाली जाते, आणि कूपनलिकेतून वर येते तेव्हा त्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट असते. बायकार्बोनेटमुळे आलेली दुष्फेनता उकळल्याने पुष्कळशी जाते, म्हणून तिला तात्पुरती म्हणतात. पातेल्याच्या तळाशी बसणारा पांढरा थर तो हाच. सल्फेट व क्लोराइड यांमुळे आलेली दुष्फेनता उकळून जात नाही, ती कायमची. हौदातील साडेचार हजार लिटर पाणी उकळण्याचा विचार कोणी करणार नाही. तरी हा भेद ध्यानात ठेवावा, कारण पुढे आम्लाचा विषय येणार आहे.

दुष्फेनता मोजतात ती एक लिटर पाण्यात किती मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतके क्षार आहेत या हिशेबाने. साधारणपणे ६० पर्यंतचे पाणी सुफेन आणि १८० च्या पुढचे अति दुष्फेन समजतात. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १०५०० या मानकात २०० ही स्वीकारार्ह मर्यादा आहे, आणि दुसरा स्रोत उपलब्ध नसेल तर ६०० पर्यंत मुभा आहे. या मर्यादा माणसांसाठी आहेत, माशांसाठी नव्हेत. मोजणीचा संच शोभिवंत माशांच्या दुकानांत मिळतो. काही संचांवर ‘जर्मन अंश’ हे एकक असते. असा एक अंश म्हणजे सुमारे १७.८ मिलिग्रॅम प्रतिलिटर. आपल्या प्रयोगशाळेत हीच मोजणी ईडीटीएच्या द्रावणाने होते; दर्शकाचा द्राक्षासवासारखा लाल रंग पालटून स्वच्छ निळा झाला की थांबायचे. नववीचे विद्यार्थी ती उत्तम करतात.

मोजल्यावाचून पाण्याला चांगले-वाईट ठरवू नये, हे आपल्या समाजाला वेगळे सांगण्याची गरज नसावी. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाणी घेतल्यानंतर ते तळे ‘बाटले’ म्हणून दूध, दही, शेण आणि गोमूत्र यांच्या घागरी त्यात ओतून त्याची ‘शुद्धी’ करण्यात आली. जलरसायनाच्या दृष्टीने पाहिले तर माणसांच्या ओंजळीने त्या पाण्यात काहीच मिसळले नव्हते. सेंद्रिय घाण आणि अमोनियाचा मूलस्रोत मिसळला तो त्या शुद्धीने. वर्गात अमोनिया शिकविताना हे उदाहरण मी नेहमी देतो, आणि आता आपण त्याच अमोनियाकडे येणार आहोत.

तत्पूर्वी माशाच्या शरीराचा थोडा विचार करावा लागेल. गोड्या पाण्यातील माशाच्या रक्तात भोवतालच्या पाण्यापेक्षा क्षार अधिक असतात. त्यामुळे कल्ल्यांच्या पातळ पडद्यांतून पाणी सतत आत शिरत राहते आणि क्षार बाहेर झिरपू पाहतात. मासा आत आलेले पाणी पातळ मूत्राच्या रूपाने टाकून देतो आणि गमावलेले क्षार कल्ल्यांवाटे पुन्हा शोषून घेतो. अहोरात्र चालणारे हे श्रम आहेत. पाण्यात कॅल्शियम पुरेसे असेल तर कल्ल्यांचे पडदे घट्ट राहतात आणि क्षारांची गळती कमी होते. तांबे व जस्त यांचा विषारी परिणामही दुष्फेन पाण्यात कमी होतो. म्हणजे ज्या क्षारांना आपण शत्रू मानतो ते माशाच्या अंगावरील पांघरूण आहेत. गप्पी, मोली, प्लॅटी यांना तर दुष्फेन पाणीच मानवते. गोल्डफिश आणि कोई ४००-५०० च्या पाण्यातही, त्याची सवय असेल तर, सुखाने राहतात. रोहू, कटला, मृगळ यांनाही अशा पाण्याचे वावडे नाही; मात्र ते फार मोठे होतात, तेव्हा अंगणातील हौदात त्यांना कोंडू नये. ज्यांना खरोखर सुफेन पाणी लागते ते निऑन टेट्रा, डिस्कस असे ॲमेझॉनच्या खोऱ्यातील मासे. ते आपल्या हौदासाठी नाहीतच. पाणी माशाजोगे करण्याऐवजी पाण्याजोगा मासा निवडावा. निम्मे काम तेथेच होते.

मग दुष्फेन पाण्यात काळजी घेण्यासारखे काहीच नाही काय? आहे; परंतु ती दुष्फेनतेच्या शेजाऱ्यांची आहे. पाण्यातील बायकार्बोनेटमुळे पाण्याला जो गुण येतो त्याला अल्कता म्हणतात. आपल्या खडकाळ भागात दुष्फेनता आणि अल्कता बहुधा जोडीने येतात, तरी त्या एक नव्हेत. अल्कता ही सामूची राखण करते. दिवसा शेवाळ आणि पाणवनस्पती प्रकाशसंश्लेषणासाठी कार्बन डायऑक्साइड ओढून घेतात, त्यामुळे सामू चढतो. रात्री सर्वच जीव श्वास घेतात, कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि सामू उतरतो. अल्कता कमी असलेल्या हौदात ही चढउतार पहाटे साडेसहापासून दुपारी साडेनऊच्या पुढेही जाऊ शकते. (हे आकडे सामूचे आहेत, घड्याळाचे नव्हेत, एका पालकांनी मागे तसा समज करून घेतला होता.) अल्कता भरपूर असेल तर झोका लहान राहतो. त्यातच कॅल्शियमही असेल तर सामू फार चढू लागताच कॅल्शियम कार्बोनेट साक्याच्या रूपाने खाली बसते आणि चढण्यास आळा बसतो. हौदाच्या कडेला आणि हायड्रिलाच्या पानांवर जी पांढरी पूड दिसते ती या घडामोडीची खूण होय. ती पाहून घाबरण्याचे कारण नाही.

तथापि असे पाणी बहुधा आठच्या आसपास किंवा त्याहून वरच्या सामूवर स्थिर होते, आणि तेथे अमोनियाचा धोका आहे. माशांची विष्ठा, कल्ल्यांतून निघणारा स्राव आणि न खाल्लेले अन्न यांतून अमोनिया तयार होतो. पाण्यात तो दोन रूपांत असतो. अमोनियम हे रूप पुष्कळसे निरुपद्रवी, मुक्त अमोनिया हे विषारी. २५ अंश सेल्सिअसला सामू ७ असेल तर एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो. सामू ८ असेल तर सुमारे ५ टक्के. आणि ९ असेल तर एक तृतीयांशाहून अधिक. पाणी तापले की हे प्रमाण आणखी वाढते. म्हणून सुफेन पाण्याच्या हौदात जी चूक खपून जाते ती आपल्याकडे एप्रिलमध्ये खपत नाही. उरलेला भात, पोळीचे तुकडे, पाहुण्यांच्या मुलांनी मुठीमुठीने टाकलेले कुरमुरे यांतून दुपारच्या वेळी हौदात विष तयार होते. दोन-तीन मिनिटांत संपेल एवढेच खाद्य दिवसातून एकदा द्यावे, उन्हाळ्यात एखाद्या दिवशी देऊच नये. दुष्फेन पाण्याचा हौद सांभाळणे म्हणजे निम्मे खाद्यच सांभाळणे होय.

हा अमोनिया निकामी करणारे जीवाणू हौदाच्या भिंतींवर, दगडांवर, मुळांवर बुळबुळीत थराच्या रूपाने राहतात. ते प्रथम नायट्राइट आणि मग नायट्रेट बनवितात, आणि प्रत्येक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे सुमारे ७ मिलिग्रॅम अल्कता खर्ची घालतात. म्हणजे ज्या अल्कतेमुळे सामू चढलेला असतो तीच अल्कता या जीवाणूंची शिदोरीही आहे.

आता माझी चूक. काही वर्षांपूर्वीच्या एका एप्रिलमध्ये आम्ही हौदाचे पाणी तपासले. दुष्फेनता ५२० आली. आकडा मोठा वाटला. त्याच सुमारास जवळच्या धरणाचे पाणी घेऊन टँकर येत असे. ते तपासले तर ९०. मला फार आनंद झाला. रविवारी आठवी-नववीच्या मुलांना घेऊन हौद पूर्ण उपसला, भिंती घासून लखलखीत केल्या, टँकरच्या पाण्याने भरला आणि बादल्यांत काढून ठेवलेले मासे तासाभरात त्यात सोडले. पाणी काचेसारखे दिसत होते. सायंकाळी मासे कोपऱ्यात गोळा होऊन हेलकावे खाऊ लागले. दुसऱ्या दिवशी पहाटे चाळीसेक माशांपैकी एकतीस पांढरे पोट वर करून तरंगत होते. सातवीतला एक मुलगा म्हणाला, ‘सर, पण पाणी तर चांगलं होतं ना?’ त्या सायंकाळच्या वंदनेत पंचशीलातील पहिले शील म्हणताना माझा आवाज इतरांच्या आवाजात मिसळत नव्हता, एवढेच येथे नमूद करतो.

पुढे शांतपणे विचार केला तेव्हा एकावर एक पडलेले घाव दिसले. ५२० च्या पाण्याला सरावलेल्या कल्ल्यांना तासाभरात ९० चे पाणी मिळाले आणि क्षारांची गळती अनावर झाली. भिंतींवरील जीवाणूंचा थर आम्हीच घासून टाकला होता. टँकरचे तापलेले पाणी आणि सावलीतल्या बादल्यांतील पाणी यांत किती अंशांचा फरक होता हे पाहिले नव्हते. त्यात क्लोरिन होता की नाही हेही तपासले नव्हते. दुष्फेनता तेवढी मोजली होती. जे मासे वाचले ते सगळे गप्पी होते.

या प्रसंगानंतर जे जे उपाय आम्हाला सुचविण्यात आले त्यांतील काहींचा विचार येथे करतो, कारण तेच उपाय आपल्या घरांतही सुचविले जात असतील. पहिला उपाय आम्लाचा : लिंबू, चिंच, व्हिनेगर, आणि धाडसी लोकांचा हायड्रोक्लोरिक आम्ल. आम्लाने कॅल्शियम पाण्यातून जात नाही. आम्ल बायकार्बोनेटचा नाश करते, कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे निघतात, आणि तात्पुरत्या दुष्फेनतेचे रूपांतर कायमच्या दुष्फेनतेत होते. दुष्फेनतेचा आकडा तोच राहतो. अल्कता तेवढी संपते. ती संपेपर्यंत सामू फारसा हलत नाही, म्हणून माणूस आणखी आम्ल ओततो, आणि मग एकाएकी सामू कोसळतो. तुरटीचेही थोड्याफार फरकाने हेच आहे. तिने गढूळपणा बसतो, परंतु ती अल्कता खाते. आम्लाचा एकच योग्य उपयोग मला ठाऊक आहे : कारंज्याच्या पंपाचे पाते पांढऱ्या थराने अडकले म्हणजे ते काढून वेगळ्या बादलीत लिंबूसत्त्वाच्या पाण्यात भिजत घालावे, धुवावे आणि पुन्हा बसवावे.

दुसरा उपाय घरातील पाणी सुफेन करणाऱ्या यंत्राचा. हे यंत्र कॅल्शियम व मॅग्नेशियम काढून घेते आणि त्यांच्या जागी सोडियम देते. साबणाला फेस येतो, कपडे चांगले निघतात. परंतु एकूण विरघळलेले क्षार कमी होत नाहीत आणि अल्कता जशीच्या तशी राहते. अशा पाण्यात सामू चढू लागला तर त्याला आवर घालणारे कॅल्शियमच नसते. म्हणजे माशांना उपयोगी ते काढून घेतले, उपद्रवी ते ठेवले. नळावर बांधण्याच्या चुंबकांबद्दल एवढेच म्हणतो, की बांधण्यापूर्वी आणि बांधल्यानंतर ईडीटीएची मोजणी करून पाहावी. पिण्याच्या पाण्याच्या आरओ यंत्रातून जे पाणी बाहेर टाकले जाते ते वाया जाऊ नये म्हणून काही जण ते हौदात सोडतात. हेतू चांगला आहे, पण त्यात मूळ पाण्याहून अधिक क्षार असतात. ते फरशी पुसण्यास वापरावे.

दुष्फेन पाण्याच्या हौदाची खरी अडचण मला तरी एकच वाटते, आणि ती हिशेबाची आहे. पाण्याची वाफ होते, क्षारांची होत नाही. आपल्या हौदाचा पृष्ठभाग ६ चौरस मीटर. उन्हाळ्यात रोज ८ मिलिमीटर पाणी उडाले असे धरले तर दिवसाला ४८ लिटर, महिन्याला १४४० लिटर पाणी कमी होते. तेवढीच भर ४०० दुष्फेनतेच्या कूपनलिकेच्या पाण्याने घातली तर महिन्यात ५७६ ग्रॅम क्षार आत येतात, आणि हौदाची दुष्फेनता १२८ ने वाढते. मार्च ते मे या तीन महिन्यांत ४०० ची ७८४ होते. काही भाग साक्याच्या रूपाने बसतो, म्हणून प्रत्यक्ष आकडा थोडा कमी येतो. दिशा मात्र तीच. आमचे ५२० याच मार्गाने आले होते, हे मला तेव्हा कळले नव्हते. कूपनलिकेचे पाणी मुळात ३८० होते.

यावर उपाय दोन. पहिला सावलीचा : पृष्ठभागाचा निम्मा भाग कमळाच्या पानांनी किंवा वर बांधलेल्या हिरव्या जाळीने झाकला तर वाफ कमी होते, पाणी कमी तापते आणि शेवाळही आवरते. जलपर्णी मात्र आणू नये; ती हौद गिळून टाकते आणि ओढ्यात गेली तर ओढाही. दुसरा उपाय, नुसती भर न घालता तळाचे थोडे पाणी काढून मग भर घालणे. पाइपने ओढून काढलेले हे तळाचे पाणी विष्ठेसह केळीच्या आळ्यात सोडावे. केळ आनंदाने घेते.

काढलेल्या पाण्याच्या जागी पावसाचे पाणी मिळाले तर फारच उत्तम, कारण पावसाच्या पाण्यात दुष्फेनता जवळजवळ नसते. हौदाची दुष्फेनता ६०० झाली असेल आणि ४५०० लिटरपैकी ९०० लिटर, म्हणजे एक पंचमांश, काढून तेवढे पावसाचे पाणी घातले तर ती ४८० होते. पुन्हा तसेच केले की ३८४, तिसऱ्यांदा ३०७. प्रत्येक वेळी मध्ये किमान आठवडा जाऊ द्यावा. तीन आठवड्यांत जे साधते ते आम्ही एका रविवारी करावयास निघालो होतो.

येथे एक सावधगिरी. छताची पन्हळ थेट हौदात सोडू नये. हौदावर पडणारा पाऊस निरुपद्रवी आहे. एका रात्रीत ५० मिलिमीटर पडला तरी ६ चौरस मीटरवर ते ३०० लिटरच. परंतु १०० चौरस मीटरच्या छतावरून त्याच पावसाचे सुमारे ४००० लिटर पाणी येते. म्हणजे रात्रीत सगळा हौद बदलला आणि टँकरची कथा पुन्हा घडली. पन्हळीचे पाणी टाकीत साठवावे आणि तेथून मोजून घालावे. पहिल्या एक-दोन पावसांचे पाणी धूळ व पाखरांची विष्ठा घेऊन येते, ते वाहून जाऊ द्यावे. छत नव्या जस्तलेपित पत्र्याचे असेल तर त्या पावसाळ्यापुरते त्याचे पाणी झाडांनाच द्यावे.

भर घालण्यास कूपनलिकेचेच पाणी असेल तर तेही थेट सोडू नये. जमिनीखालून नुकत्याच आलेल्या पाण्यात प्राणवायू कमी आणि कार्बन डायऑक्साइड अधिक असतो. नळीला झारी लावून ते उंचावरून शिंपडले किंवा रात्रभर पिंपात ठेवले तर दोन्ही दोष जातात. नगरपालिकेचे पाणी असेल तर क्लोरिनसाठी उघड्या पिंपात दिवसभर ठेवावे, किंवा दुकानात मिळणारे सोडियम थायोसल्फेट वापरावे.

नव्या हौदाविषयी दोन शब्द. ‘बांधला, भरला, मासे सोडले, मेले, पाणीच जड’ अशी तक्रार मी पुष्कळदा ऐकतो. नव्या सिमेंटमधून चुना सुटत असतो आणि सामू १० च्या पुढे जातो. त्यात कोणताही मासा जगणार नाही. हौद भरून चार-पाच दिवसांनी रिकामा करावा, असे तीन-चार आठवडे करावे आणि सामू साडेआठच्या खाली टिकला म्हणजेच मासे आणावेत. तेही आधी गप्पी. गप्पी हिवतापविरोधी कामासाठी आरोग्य विभागाकडून अनेक ठिकाणी मिळतात आणि डासांच्या अळ्या खातात. मात्र ते आपल्या हौदातच राहू द्यावेत. ओढ्यात किंवा नदीत सोडल्यास तेथील मूळच्या माशांच्या जिवावर उठतात. आणलेली पिशवी अर्धा तास हौदावर तरंगत ठेवावी, मग तासभर थोडेथोडे हौदाचे पाणी तीत घालत राहावे, आणि नंतर मासे सोडावेत. दुकानदाराचे पाणी १०० चे आणि आपले ४०० चे असेल तर हा वेळ दुप्पट करावा.

आणखी एक निरीक्षण प्रत्येकाने करावे. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले तर तो दुष्फेनतेचा दोष नाही. प्राणवायू कमी पडला आहे. २५ अंशाला लिटरभर पाण्यात सुमारे ८ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३५ अंशाला ७ हून कमी. अशा वेळी पाणी बदलत बसू नये; मगाने उचलून उंचावरून ओतत राहावे, खाद्य बंद ठेवावे आणि दिवसा शेवाळ थोडे काढावे.

हौदाशेजारच्या फळ्यावर आता दर रविवारी तीन आकडे लिहिले जातात : दुष्फेनता, अल्कता, आणि पहाटे व दुपारी घेतलेला सामू. हे काम नववीकडे आहे. पुढील मेळाव्यास येताना ज्यांच्या घरी हौद आहे त्यांनी पाण्याच्या दोन बाटल्या आणाव्यात, एक हौदाच्या पाण्याची, एक कूपनलिकेच्या पाण्याची. कूपनलिका पाच मिनिटे चालवून मग बाटली भरावी, प्रत्येकी अर्धा लिटर, काठोकाठ, बूच घट्ट लावून, आणि तीवर गावाचे नाव व दिनांक लिहावा. बाटली त्याच सकाळी भरलेली असावी, कारण ठेवलेल्या पाण्यातून साका बसून आकडा कमी येतो. प्रयोगशाळा सकाळी दहापासून उघडी राहील आणि एका बाटलीस दहा-पंधरा मिनिटे लागतील. हौदात किती मासे आहेत आणि दिवसाला किती खाद्य देता, हे विद्यार्थी आधी विचारतील. त्याचे उत्तर तयार ठेवावे.